ब्लेडचा दोष

आमच्या ह्यांचं दाढीचं ब्लेड म्हणजे घरातलं लाडकं बाळ! एकाच बाजूला धार असलेलंच हवं. दाढी झाली की ते पुसायचं, खोबरेल लावून कागदात गुंडाळायचं. स्वतःच्या गुडघ्यांना तेल लावा म्हटलं, की वेळ नसतो!

तरी आज हनुवटी कापलीच. "अगं, हल्ली ब्लेडंच भिकार येतात. दुसऱ्या कंपनीची आण."

किती कंपन्या बदलायच्या? दुकानदारही हसतो आता. आरशासमोर हात थरथरतो, ते मला दारातून दिसतं. पण सांगू कशी? मीसुद्धा सुईचं नेढंच बारीक झालंय म्हणते. म्हातारपण कशावर तरी ढकललं, की दिवस सुरू करता येतो.

जखमेवर तुरटी दाबत मी म्हटलं, "मेल्यांना धारच लावता येत नाही! आणते दुसरी."