आमच्या गावचे पोप

देवरूखच्या हायस्कुलात आम्हाला युरोपचा इतिहास शिकवणारे मास्तर पोपवर फार चिडायचे. पैसे घेऊन पापमुक्तीच्या चिठ्ठ्या विकणारा पोप, आणि हा निव्वळ धंदा आहे असं उघड लिहिणारा एक जर्मन संन्यासी. पोपने त्याला धर्माबाहेर काढलं. बादशहासमोर उभं करून विचारलं, लिहिलेलं मागे घेतोस का? तो नाही म्हणाला. इथे मास्तर टेबलावर मूठ आपटायचे, "याला म्हणतात कणा!" त्यांच्या डोळ्यांत पाणीसुद्धा यायचं. ते दरवर्षी त्याच पानावर येतं, हे वरच्या वर्गातल्या मुलींनी मला आधीच सांगून ठेवलं होतं.

हे मास्तर आमच्याच गावचे, देवळाचे मानकरी. त्या वर्षी देवळालगतच्या जमिनीचा दावा कोर्टात उभा राहिला. जमीन पहिल्यापासून देवाची, अशी साक्ष द्या, असं गावकीने बाबांना सांगितलं. जमीन एका विधवेची होती. बाबांनी कोर्टात तेच सांगितलं आणि गावकीने आम्हाला वाळीत टाकलं. ठराव मांडला तो मास्तरांनीच. आमच्याशी कोणी बोलायचं नाही, शेतावर गडी यायचा नाही, शिमग्याची पालखी दारात थांबायची नाही. ताईचं लग्न जमत आलं होतं. पाहुण्यांचा निरोप आला, आधी गावात मिटवा, मग बघू. आईच्या डोळ्यांचं पाणी खळेना.

शिमगा तोंडावर आला तेव्हा मास्तर आले आणि अंगणाबाहेरच थांबले. वाळीतल्या घराची पायरी चढून बाटणार थोडेच!

"नारळ घेऊन ये आणि चारचौघांत चुकलो म्हण," ते बाबांना म्हणाले. "एका शब्दाने काय झिजतोस?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. वाटलं, आता तरी ओशाळतील. कसले ओशाळतात! त्यांचा तो कणा फळ्यापुरता होता. जर्मनीतल्या माणसाला शाबासकी द्यायला पदरचं काही जात नाही. मला त्यांची शिसारी आली, ती आजही जात नाही.

बाबा ताईसाठी गेले. मी बरोबर होते. देवळासमोर नारळ ठेवून ते "चुकलो" म्हणाले, तर पारावर पान चघळत बसलेले मास्तर म्हणाले, "जरा मोठ्याने." बाबांनी मोठ्याने म्हटलं. घरी येऊन ते भिंतीकडे तोंड करून पडले, आणि मी आईला सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ढोल वाजवत पालखी आली. ताई ओटीचं ताट घेऊन दारात उभी होती. आईने तिला आत ओढलं आणि कडी घातली.

"वहिनी, देवी दारात आली आहे, ओटी भरा!" बाहेरून मास्तर ओरडले.

"देवीला ठाव हाय, साक्ष खरी व्हती," आई आतून म्हणाली. "तुमी फुडं व्हा."

ताई रडायला लागली. आईने तिच्या हातातलं ताट घेतलं आणि तांदूळ परत मडक्यात ओतले.