डाव्या पायातलं कडं

सिस्टर पक्ष्यांना ‘पेशंट’ म्हणत आणि आम्हा स्वयंसेवकांना ‘नातेवाईक’. खोपोलीच्या एका प्रसूतिगृहात त्यांची सारी नोकरी झाली होती आणि नातेवाइकांबद्दल तिथे झालेलं मत निवृत्तीनंतरही बदललं नव्हतं. “गर्दी नाय करायची रं. पेशंटला वारा येऊ द्या,” म्हणत त्या आम्हाला उघड्या माळावरसुद्धा मागे सारत.

कर्जतहून खोपोलीकडे येताना डोंगराच्या पायथ्याशी राखून ठेवलेला एक माळ आहे. सकाळी तिथे सहज न दिसणारी बारीक जाळी लावायची, अडकलेला पक्षी अलगद सोडवून कापडी पिशवीतून तंबूत आणायचा, वजन करायचं, पायात नंबराचं हलकं कडं घालायचं आणि सोडून द्यायचा. तो पुन्हा कुठे सापडला, की त्याचा प्रवास कळतो. परवाना एका संशोधन संस्थेचा होता, हुकूम सिस्टरांचा. तान्ह्या बाळांच्या मनगटाला नंबर बांधण्यात हयात गेलेल्या बाई त्या. मी रसायनीच्या कारखान्यातला हिशेबनीस. नवा कॅमेरा घेतला होता आणि तो चार लोकांना दिसावा, एवढ्याच उदात्त हेतूने तिथे गेलो होतो.

माझी पहिली कामगिरी अजूनही नव्या माणसांना सांगितली जाते. पक्ष्यांच्या पिशव्या आमच्या हिने शिवून दिल्या होत्या आणि उरलेल्या कापडाची एक माझ्या चपात्यांसाठी. मी जाळ्यातून एक वटवट्या सोडवला. वटवट्या म्हणजे जेमतेम अंगठ्याएवढा पक्षी. दोन्ही पिशव्या हातात घेऊन ऐटीत आलो, एक आमचे जेवणाचे डबे टांगलेल्या फांदीला अडकवली, दुसरी सिस्टरांना दिली. त्यांनी ती काट्याला लावली आणि काटा खाली बसला.

“बाळंतपणाला आलाय काय रं ह्यो वटवट्या?”

आत चपात्या आणि बटाट्याची भाजी निघाली. पेशंट बाहेर डब्यांच्या रांगेत लटकून संतापाने वटवटत होता. तो सुखरूप घरी गेला. मला महिनाभर जाळ्याजवळ फिरकायची बंदी झाली आणि पिशव्या धुण्याची ड्यूटी लागली.

पक्षी सोडणं म्हणजे ‘डिस्चार्ज’. पक्षी उघड्या तळहातावर ठेवायचा आणि आपण हलायचं नाही. पाहुणे हमखास टाळ्या वाजवत. सिस्टर वळून त्यांच्याकडे अशा बघत, की हात हवेतच राहत. “डिस्चार्जला टाळ्या नसतात. बरा झाला, घरी चालला. आपलं काम झालं.” मी एकदा नुसतं “वा!” म्हणालो, तर पुन्हा पिशव्या धुवायला बसलो.

उन्हाळ्यात ऊन तापायच्या आत वॉर्ड बंद होई. पावसाळ्यात जाळी लागतच नसत, तेव्हा त्या आम्हाला शिळफाट्याच्या आपल्या घरी बोलावून फाटकी जाळी शिवायला बसवत. मी एकदा जाळ्यासोबत माझ्या सदऱ्याची बाहीही शिवून टाकली. “टाके बेस पडलेत,” सिस्टर म्हणाल्या, “पेशंट तेवढा चुकलाय.”

त्यांचा सगळ्यात कडक नियम हातांचा होता. हात थरथरत असेल, त्याने त्या दिवशी पक्षी धरायचा नाही. गेल्या पावसाळ्यात जाळं शिवताना त्यांच्याच हातातली सुई नीट चालेना. डॉक्टरांनी सांगितलं, हे आता वाढत जाणार. थंडीत पहिली जाळी लागली, तेव्हा त्या खुर्ची घेऊन तंबूच्या दारात बसल्या आणि एकाही पक्ष्याला त्यांनी हात लावला नाही. संक्रांत झाली की लेक त्यांना पुण्याला नेणार होती. त्यांचा जीव अडकला होता एका गप्पीदासात.

गप्पीदास हा चिमणीहून लहान पक्षी दर थंडीत उत्तरेतून येतो. त्यांनी आयुष्यात पहिलं कडं घातलं ते एका गप्पीदासाला, आणि तेही चुकून डाव्या पायात. नियम उजव्या पायाचा. तो पुन्हा दिसला नव्हता. दर रविवारी जाळ्यांच्या फेरीहून परतलो की त्या विचारत, “डावखुरा आला का रं?” मी मान हलवायचो. आपण त्यांना शेवटी रिकाम्या हाताने पाठवणार, या विचाराने मला रात्री झोप लागत नसे.

संक्रांतीआधीच्या रविवारी तळ्याकाठच्या जाळ्यात एक गप्पीदास लटकला होता. डाव्या पायात झिजलेलं कडं. मी त्याला सोडवलं खरं, पण पिशवी तंबूत पोचेपर्यंत माझेच हात लटलटू लागले. नियम आठवून मी ती दुसऱ्या कुणाला देऊ लागलो.

“सिस्टर, माझा हात थरथरतोय.”

“मग? ह्याला कडं घातलं तवा माझा नव्हता थरथरत? म्हणून तर डाव्या पायात गेलं. ह्यो भ्यालेला हात हाय रं. भ्यालेला चालतो. धर तू.”

मी धरला. नंबर वाचायला चष्मा लागला, तो दुसऱ्या कुणीतरी माझ्या नाकावर चढवला. नंबर जुळला. मग मी बाहेर येऊन सिस्टरांच्या खुर्चीसमोर हात उघडला. गप्पीदास क्षणभर तळहातावर बसला, शेपटी उडवली आणि गवतावरून पार तळ्यापलीकडे गेला.

मागे कसलासा आवाज झाला, म्हणून मी वळलो. सिस्टर टाळ्या वाजवत होत्या. हात धड जुळत नव्हते, दोन टाळ्यांतली एक हुकत होती, तरी त्या वाजवतच होत्या. मला रडू फुटलं. आम्ही सगळे नातेवाईक मात्र हात बांधून गप्प उभे राहिलो, कारण आम्हाला तसंच शिकवलेलं होतं.