आत्ताच चहा झालेले शेजारी

शिरूरला आमचे शेजारी नेहमी पायरीवर उभे राहूनच बोलत. चहा विचारला की म्हणत, "आत्ताच झाला, बाई." आम्ही बौद्ध. सात वर्षांत त्यांचा चहा एकदाही व्हायचा राहिला नव्हता.

समोरच्या पडीक जागेवर आमच्याच समाजातल्या बारा कुटुंबांना सरकारी घरं मिळणार होती. त्याविरुद्धचा अर्ज लिहून घ्यायला हे शेजारी माझ्याकडेच आले, कारण मी मास्तरीण आणि माझं अक्षर सुबक.

"पानी पुरायचं न्हाई, गटार तुंबल, एवढंच लिवा. तुमचं येगळं हाय, बाई."

मी लिहिलं आणि वाचून दाखवलं, "ही माणसं आम्हांला शेजारी नकोत."

"आवं, असं लिवत्यात व्हय?"

"मग आत बसून नीट सांगा. चहा टाकते."

ते पायरीवरूनच वळले. अर्ज माझ्या हातात राहिला.