रेवाचं माप

मी ड्रॉवरमधून टेप काढली आणि रेवा खुर्चीच्या मागं जाऊन उभी राहिली. खुर्चीची पाठ तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

"नो," ती म्हणाली.

"पाचच मापं. दोन मिनिटांचं काम."

"शी गेव्ह मी अवे. व्हाय डझ शी नीड माय साइज?"

रेवा तेव्हा साडेनऊ वर्षांची होती. तिची आई मनीषा शेजारीच बसली होती. तिनं पर्सची चेन उघडली आणि आत काहीच न शोधता परत लावली. मी कुवेतच्या सालमिया भागातल्या एका क्लिनिकमध्ये फॅमिली काउन्सेलर आहे. कुठल्या प्रसंगी काय बोलावं हे आपल्याला कळतं, असा माझा तोपर्यंत समज होता. त्या दिवशी मी टेप गुंडाळून ठेवली आणि म्हणाले, "बरं, पुढच्या वेळी."

काउन्सेलरच्या ड्रॉवरमध्ये शिंप्याची टेप कशाला, ते आधी सांगायला हवं.

मनीषा आणि तिचा नवरा प्रशांत गेली पंधरा वर्षं कुवेतमध्ये आहेत. प्रशांत शर्कमधल्या एका कंपनीत अकाउंटंट. मूल होत नव्हतं. तीन वेळा उपचार झाले, तीनही वेळा फसले. फलटणला राहणारी मनीषाची धाकटी बहीण सुजाता, तिला दोन मुलं होती आणि तिसऱ्याची चाहूल लागली. सुजाता स्वतःच म्हणाली, "ताई, हे तुझं." रीतसर दत्तकविधान झालं, नोंदणी झाली आणि रेवा मनीषाच्या ओटीत आली.

दत्तकाचे दोन प्रकार असतात. संस्थेतून मूल घेतलं की जन्म देणारी आई कोण हे घेणाऱ्यांना कळत नाही आणि मूल कुठं गेलं हे तिला कळत नाही. ते बंद दत्तक. खुल्या दत्तकात दोन्ही घरं एकमेकांना ओळखतात. फोन, फोटो, भेटी, काय आणि किती हे आधी ठरवून लिहून ठेवतात. त्याला आम्ही कॉन्टॅक्ट प्लॅन म्हणतो. नात्यातलं दत्तक खुलंच असतं, फक्त बहुतेक घरांत सगळ्यांना माहीत असून मुलाला तेवढं माहीत नसतं.

कुवेतला येण्याआधी मी महाराष्ट्रातल्या एका दत्तक संस्थेत अकरा वर्षं काढली. तिथं फायलींचं कपाट होतं आणि त्याची किल्ली माझ्याकडं होती. कधीकधी मूल देऊन गेलेली एखादी बाई यायची. आत यायची नाही, व्हरांड्यातच उभी राहायची. "नाव नको, गाव नको, आहे का तेवढं सांगा," म्हणायची. मी म्हणायचे, "माहिती देता येत नाही." नियमच तसा होता आणि नियमाला कारणंही होती. पण किल्ली माझ्या कमरेला असायची आणि तिला ते दिसायचं. त्यामुळं मनीषाची केस आली तेव्हा मी तिच्यावर झडपच घातली. या वेळी मला कपाट उघडं ठेवायचं होतं.

रेवाला सहाव्या वर्षी आम्ही सांगितलं की तू सुजातामावशीच्या पोटातून आलीस. तिनं ऐकून घेतलं आणि आइस्क्रीम मागितलं. दर शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, अर्धा तास व्हिडिओ कॉल ठरला. सुजाताला हे सगळं मोठं गमतीचं वाटायचं. पहिल्याच कॉलवर ती मला म्हणाली, "मॅडम, माय मरो पण मावशी उरो म्हणतात. आमच्या पोरीला दोन्ही हायत, मरायचं कुणीच नाय."

कॉल मात्र चालेना. रेवा मराठी समजायची आणि इंग्रजीत उत्तर द्यायची. सुजाताला इंग्रजी येत नव्हतं. "जेवलीस का?" "येस." "काय जेवलीस?" "फूड." पाचव्या मिनिटाला दोघी एकमेकींकडं नुसत्या बघत बसायच्या.

सुजाता शिवणकाम करायची. फलटणला तिचं छोटं दुकान होतं. माझ्या डोक्यात कल्पना आली, की बोलता येत नाही तर मापं घेऊ द्या. दर तीन महिन्यांनी मनीषा कॉलवर रेवाची मापं घेणार आणि सुजाता फ्रॉक शिवून इकडं येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवणार. पहिलं माप माझ्याच केबिनमध्ये घेतलं, त्यासाठी आणलेली टेप माझ्या ड्रॉवरमध्येच राहिली. रेवा स्टुलावर उभी. तिकडून सुजाताचं चाललेलं, "ताई, मुंढ्याला इतकी आवळू नगंस. श्वास घिऊ दे तिला." मुंढा म्हणजे बाहीचं भोक. रेवाला त्या शब्दाचं इतकं हसू आलं की ती स्टुलावरून पडता पडता वाचली. सुजाता वहीत आकडे लिहून घ्यायची आणि मागचे आकडे वाचून दाखवायची. "किती वाढलं गं माझं लेकरू," म्हणायची. मनीषाच्या चेहऱ्यावर त्या 'माझं'चा कधी त्रास दिसला नाही. मी बघत होते.

दोन वर्षं हे छान चाललं. मी क्लिनिकच्या मीटिंगमध्ये या टेपची शेखीही मिरवली.

मग तो शुक्रवार आला. आपल्याकडं बहिणींना एकाच कापडातून शिवायची रीतच असते. सुजातानं तेच केलं. पिवळ्या कापडातून दोन फ्रॉक बेतले, एक रेवाला पाठवला आणि एक स्वतःच्या मोठ्या मुलीला, पायलला घातला. कौतुकानं पायलला कॅमेऱ्यासमोर उभी केली. "बघ रेवा, दोघी बहिणी सारख्या!"

रेवानं पायलकडं पाहिलं, स्वतःच्या फ्रॉककडं पाहिलं आणि उठून आत गेली. मनीषानं नंतर मला सांगितलं, आत जाऊन ती एवढंच म्हणाली होती, "शी केप्ट दॅट वन."

त्यानंतर तिनं टेप अंगाला लावू दिली नाही. माझ्या केबिनमधलं 'नो' त्यानंतरचंच.

अशा वेळी काय करायचं, हे प्लॅनमध्ये मीच लिहून ठेवलं होतं. मूल नको म्हणालं तर थांबायचं आणि दुसऱ्या बाजूला तसं सांगायचं. दोनच वाक्यं होती. मनीषा पहिलं पाळायला तयार होती.

"सुजाताला नाही सांगू शकत मी," ती म्हणाली. "पोर देऊन एवढंच मिळालंय तिला. तेही माप."

"मग काय करणार?"

"बघू."

आपल्याकडं 'बघू' म्हणजे काय ते मला माहीत होतं. तरी मी पुढच्या भेटीची तारीख देऊन तिला पाठवलं.

तीन महिन्यांनी मनीषा एकटीच आली. कॉल चालू होता, पण आता रेवा फक्त हात हलवून जायची. मापं मात्र मेसेजवर जात होती.

"रेवा घेऊ देते?" मी विचारलं.

मनीषा ओशाळून हसली. "प्रशांतनं एक्सेल केलंय. मॉलमधल्या ब्रँडचा वयानुसार चार्ट घेतला. मागच्या मापात दर वेळी थोडं थोडं मिळवायचं."

खरं सांगते, मी हसले. अकाउंटंटनं पोरीच्या वाढीला फॉर्म्युला लावला, हे मला विनोदी वाटलं. मग चेहरा गंभीर करून म्हणाले, "हे फार दिवस नको हं." झालं. एवढाच माझा विरोध.

फ्रॉक येत राहिले. मनीषा ते कपाटावरच्या सुटकेसमध्ये ठेवून द्यायची आणि बहिणीला लिहायची, "मस्त बसला." वर्ष गेलं. आमच्या क्लिनिकच्या प्रमुख, डॉक्टर सूझन, केरळच्या. केस रिव्ह्यूला त्या फॉर्म समोर ठेवून एकेक रकाना विचारतात.

"दोनों साइड को सब मालूम है ना?"

"है, डॉक्टर," मी म्हणाले आणि रकान्यात टिक केली.

त्यानंतर दोन आठवड्यांनी सुजाताचा मला थेट फोन आला. प्लॅनप्रमाणं तिला तसं करायची मुभा होती. चार वर्षांत तिनं ती पहिल्यांदा वापरली.

"मॅडम, पोर बरी हाय ना?"

"हो, अगदी बरी आहे. का?"

"खरं सांगा. काय आजार बिजार? माझ्यापास्नं लपवतायसा व्हय?"

"नाही हो. असं का वाटलं तुम्हाला?"

तिकडून वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"बाही दर टायमाला अर्धा इंच. उंची इंच. छाती अर्धा. चार खेपा झाल्या, त्यात फरक न्हाई. मॅडम, वीस वर्षं लेकरांची मापं घेतीया मी. असं लेकरू नसतंय. उंची वाढायला लागली की अंग भरत न्हाई. सहा सहा महिनं काय हालत न्हाई आन् मग एकदम कापड पुरत न्हाई. हे माप कुणाच्या अंगावरचं न्हाई. मग माझी पोर कुठंय?"

दोन महिने तिच्या डोक्यात हेच चाललं होतं. पोरीला काहीतरी झालंय आणि ताई लपवतेय. शुक्रवारी हात हलवून जाणारी रेवा तिला दिसायची, पण लांबून, आणि बारीक दिसायची. शेवटच्या दोन फ्रॉकांत तिनं चहूबाजूंनी दोन-दोन इंच माया ठेवली होती, म्हणजे शिलाईच्या आत जास्तीचं कापड दुमडून ठेवलं होतं. खरं माप काहीही असो, उसवून बसवता यावं म्हणून.

मी तिला सगळं सांगितलं. पिवळा फ्रॉक, पायल, टेप आणि एक्सेल.

"म्हणजे वर्ष झालं," ती म्हणाली.

"हो."

"तुम्हाला ठाव होतं?"

व्हरांड्यातल्या बायकांना म्हणायचे ते 'माहिती देता येत नाही' इथं चालणार नव्हतं.

"हो," मी म्हणाले.

"नको म्हणती, एवढं एकच वाक्य होतं की मॅडम. मी काय जीव दिला असता? पोटची पोर दिली मी, न रडता. टेप सोडली नसती?"

मी माफी मागितली. "असूंदे," ती म्हणाली आणि फोन ठेवला. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या शुक्रवारी तिचा फोन लागला नाही. त्याच्या पुढच्या शुक्रवारी घरी पाहुणे होते, मग लग्नसराईचे ब्लाउज आले. मनीषानं माफी मागितली, रडली. सुजातानं तिचीच समजूत घातली. बहिणींचं बोलणं सुरू राहिलं. आईची तब्येत, पायलची दहावी, सुजाता सगळं बोलायची. फक्त रेवाचं नाव काढायची नाही. मनीषानं काढलं तर म्हणायची, "हो का? बरं." मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तिनं नीट चौकशी केली, माझ्या दुखऱ्या गुडघ्याचीसुद्धा, आणि ठेवून दिला.

मी डॉक्टर सूझनना जाऊन ती टिक खोटी होती हे सांगितलं. त्यांनी फॉर्म काढला, टिकवर काट मारली आणि मला सही करायला लावली.

असंच वर्ष गेलं. मनीषा-प्रशांतनं सालमियातला फ्लॅट सोडून सलवाला घर भाड्यानं घेतलं. सामान बांधताना कपाटावरची सुटकेस खाली आली आणि ती उघडली रेवानं. सगळे फ्रॉक तिनं पलंगावर ओळीनं मांडले. मनीषा सांगत होती, की पोरगी तासभर एकटीच ते अंगाला लावून बघत होती. जुने आखूड झालेले. नंतरचे कुठं ढगळ तर कुठं तोकडे. मग तिनं विचारलं, "हे कधी आले?" मराठीत विचारलं.

पुढच्या आठवड्यात ती माझ्याकडं आली. आता अकरा पूर्ण. उंच झाली होती, खांदे पुढं काढून चालत होती. तिनं स्वतःच ड्रॉवर उघडून टेप काढली आणि आईच्या हातात दिली. हात पसरून उभी राहिली. मनीषानं छातीचं माप दोनदा घेतलं. आकडे रेवानं कागदावर लिहिले. उंची भरपूर वाढली होती आणि छाती जवळपास तिथंच होती. सुजाता म्हणाली होती तसंच. कागदाचा फोटो मनीषानं तिथूनच पाठवला. खाली लिहिलं, "चार्ट नाही, एक्सेल नाही. तिनं स्वतः घेऊ दिलंय गं."

आम्ही तिघी फोनकडं बघत बसलो. मेसेज लगेच वाचला गेला. उत्तर यायला वीस मिनिटं लागली. मनीषानं वाचलं आणि फोन उलटा ठेवला.

"व्हॉट डिड शी से?" रेवानं विचारलं.

"मावशी जरा कामात आहे, बाळा, ती नंतर..."

"मनीषा," मी म्हणाले.

ती थांबली. मग तिनं फोन सरळ केला आणि वाचून दाखवलं. 'माप मिळालं. पोर छान वाढतीया. पण ताई, आता माझ्याच्यानं न्हाई व्हायचं. रेडिमेड घे तिला. तिकडं चांगले मिळतात.'

रेवानं ते परत एकदा वाचायला लावलं. "नॉट एव्हर?" तिनं मला विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणाले. ते खरं होतं.

तिनं टेप गुंडाळली, ड्रॉवरमध्ये ठेवली आणि ड्रॉवर हळूच लावला.

सहा महिन्यांनी कॉन्टॅक्ट प्लॅनची मुदत संपली. फाइल बंद करताना कारणाचा रकाना भरावा लागतो. त्यात लिहिण्याजोगं खूप होतं, जागा एका ओळीची होती. मी लिहिलं, 'मुलीचा नकार जन्मदात्या आईला वेळेवर कळवला नाही.' हल्ली नवीन कुटुंबाचा प्लॅन करताना फोटो, कॉल, भेटी या सगळ्याच्या आधी मी एकच ठरवून घेते, मूल नको म्हणालं तर ते त्याच दिवशी पलीकडं कोण सांगणार. त्या माणसाचं नाव लिहून घेते, त्याखाली सही घेते. बहुतेक ठिकाणी ते नाव माझंच असतं.