तलावाचं कापड

माझ्या कोपराचा धक्का लागला आणि कपभर चहा थेट श्रीगोंद्याकडच्या तलावात सांडला. तलाव अजून व्हायचा होता. त्र्याहत्तर सालच्या दुष्काळी कामासाठी रोझीबाईंनी तो कापडावर काढला होता, एवढंच.

नगरच्या आमच्या कचेरीत मी नवा इंजिनिअर आणि रोझीबाई साळवे जुन्या ट्रेसर. आम्ही जाड कागदावर पेन्सिलीने नकाशा काढायचो. त्यावरून प्रती निघत नसत. मग रोझीबाई त्यावर निळसर, आरपार दिसणारं ट्रेसिंगचं कापड अंथरत, खडूची पूड चोळत आणि रेघ न् रेघ काळ्या शाईने उतरवत. ते कापड अमोनियाच्या यंत्रात गेलं, की हव्या तेवढ्या प्रती. मात्र त्याला पाण्याचा थेंब चालत नसे, लगेच त्यातली खळ विरघळे. मी तर दूध-साखरेसकट घातलं होतं.

त्याच दुपारी त्यांना संगमनेरची एसटी गाठायची होती. लेक दया तिथल्या दवाखान्यात होती, पहिलंच बाळंतपण. पण प्रती दुसऱ्या दिवशी सकाळी गेल्या नाहीत, तर तलावावर आलेली माणसं कामावाचून परत जाणार. हेड ड्राफ्ट्समन आप्पासाहेबांनी कपाळाला हात लावला.

"तुम्ही जा हो," मी शूरपणे म्हणालो. "मी काढतो."

"तुमी?" रोझीबाई म्हणाल्या. "तुमच्या रेघा बगितल्यात मी. बांधातनं म्हशी जातील."

त्यांनी दुसरं कापड पसरलं आणि भिजलेलं माझ्या अंगावर टाकलं. "हे बादलीत बुडवा. चांगलं चोळा."

मी चोळलं. खळ निघाली, तिच्याबरोबर शाई निघाली, आणि त्या कोरड्या साली बादलीत का होईना, तलाव भरला. हाताशी उरलं ते मलमलीसारखं मऊ सुती कापड. आमच्या कचेरीत कुणाकडे बाळ येणार असलं, की बाद झालेल्या ट्रेसिंगवर आधीच नाव लागायचं. नगरमधली कितीतरी पोरं धरणं नि पूल धुऊन शिवलेल्या झबल्यांत वाढली. पण यंदा एकही ट्रेसिंग बाद झालं नव्हतं.

"होणाऱ्या आजीबाईंचं काम केलंस की रे!" आप्पासाहेब मला म्हणाले. रोझीबाई हसल्या नाहीत. दुपारची गाडी गेली होती.

शाई वाळावी म्हणून मी फुंकर मारायला वाकलो.

"थुंकी उडंल! लांब व्हा."

लांब झालो. त्यांचा हात दगडासारखा स्थिर होता, ओठ तेवढे हलत होते. मापं सांगताहेत असं वाटून मी विचारलं, "किती म्हणालात?"

"तुमाला न्हाई. देवाला म्हनतेय."

 

पहिली प्रत यंत्रातून बाहेर आली तशी त्यांनी धुतलेलं कापड पिशवीत घातलं आणि ती उचलली. आप्पासाहेबांची सायकल, मागे रोझीबाई, आणि मी पायडल मारतोय. शेवटची गाडी सुटायच्या बेतात होती. पिशवी घेऊन मीही आत चढलो, त्यांना खिडकीपाशी बसवलं. पिशवी मांडीवर ठेवली, पण माझा पाय निघेना. 

"रोझीबाई, माझ्यामुळं उशीर झाला. तुम्ही पोचायच्या आत काही झालं तर मी स्वतःला कधी…"

"बाळातपन दयाचं हाय, तुमचं न्हाई, उतरा खाली, गाडी खोळंबलीय!"