मखमलचा पाय

अंबाजीचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा, कारण बेगम बाजारात मिरचीचे ट्रक त्याच सुमाराला लागत. आता हमाली सुटली, गुडघे गेले, तरी जाग चारलाच येते. चहा होईपर्यंत त्याला काम एकच. खिडकीजवळच्या काचेच्या पेटीत मखमल काय करते ते बघायचं.

मखमल म्हणजे तळहाताएवढी केसाळ कोळीण, टॅरंट्युला. लेक निशिगंधानं कॉलेजात असताना आणलेली. पुढं नोकरीसाठी ती पुण्याला गेली. तिथला घरमालक असलं जनावर ठेवू देईना, म्हणून मखमल जामबागेतल्या या दोन खोल्यांतच म्हातारी झाली. सुरुवातीला पेटीकडे पाठ करून बसणारी त्याची बायको भामाच आता म्हणायची, "बाई आज जेवली नाही."

या उन्हाळ्यात ती खरंच जेवत नव्हती. पोटावरचे केस झडून टक्कल पडलं. रातकिडा पायाशी आला तरी हलायची नाही. चालताना मागचा एक पाय ओढायची. अंबाजीनं फोन केला.

"वय झालं तिचं, बाबा," निशिगंधा म्हणाली. "कात टाकणार असेल. उलटी पडलेली दिसली तर घाबरू नका. काही झालं तरी हात लावू नका. मला विचारा आधी."

"हौ," अंबाजी म्हणाला.

एका सकाळी मखमल उताणी पडलेली दिसली. पाठीवरची जुनी कात उकलली होती. अंबाजी स्टूल ओढून बसला. एकेक करत पाय बाहेर आले, नवे, फिकट, ओले. मागचा एक मात्र सांध्यापाशी अडकला. ती जोर लावायची, थांबायची, पुन्हा लावायची. दर वेळी जोर कमी पडत होता. तसा जोर अंबाजीनं जन्मभर पाहिला होता. ट्रकला लावलेल्या फळीवर कुणाचं पोतं अडकलं की जवळचा हमाल न विचारता खांदा लावतो. त्याच्या टोळीत कामात ढिला असलेला माणूस खपायचा. हात बांधून बघत उभा राहणारा नाही.

त्यानं झाकण उघडलं. कातीचं टोक दोन बोटांत धरलं आणि जमेल तितकं हळू ओढलं.

नवा पाय भिजल्या कागदासारखा निघाला. सांध्यापाशी फाटला. निळसर, पाण्यासारख्या रक्ताचा थेंब फुगून खाली ओघळला.

"काय केलं?" भामा मागं येऊन उभी होती.

"हात दिला."

"मागितला होता तिनं?"

अंबाजीनं झाकण हळूच लावलं. भामाचाच आवाज मऊ झाला. "पोरीला सांगा आपोआप तुटला म्हणून. तिला कुठं दिसू लागलं इथलं?"

त्यानं फोन लावला. "मी ओढला," म्हणाला.

पलीकडून निशिगंधा कामाचं तेवढं बोलली. जखमेवर चिमूटभर कॉर्नफ्लोअर टाका. नामपल्लीला डॉक्टर भाग्यलक्ष्मी पक्षी, कासवं बघतात, त्यांच्याकडं न्या. पेटी हिंदकळू देऊ नका. ती ओरडली असती तर अंबाजीला बरं वाटलं असतं.

पेटीवर टॉवेल टाकून तो ऑटोत बसला.

"क्या है चाचा, केक?" ऑटोवाल्यानं विचारलं.

"हौ. हल्लू चलाव."

खड्डा आला की तो पेटी मांडीवरून उचलून हातांवर तोलायचा. इतकी हलकी वस्तू वाहताना त्याचे दंड कधी भरून आले नव्हते.

डॉक्टरीणबाईंनी वाकून पाहिलं. "आप खींचे क्या, चाचा?"

"खींचा."

"नै खींचना था. थोड़ा रुकते तो वो खुदीच पाँव छोड़ देती, जखम भी नै होता."

म्हणजे तिचं तिनं निभावलं असतं. अंबाजी बाकावर जाऊन बसला. बाईंनी सुईच्या टोकानं डिंकासारखं औषध लावून जखम बंद केली. पुन्हा कात टाकली तर पाय येईल, म्हणाल्या, पण या वयात पुन्हा कात टाकेल का ते सांगता येत नाही. रक्त बरंच गेलंय, काही दिवस इथंच उबेत ठेवू.

तो रोज चालत जायचा. आत जायचा नाही, दारातून बघायचा. कितीतरी दिवस ती एका जागी होती. मग एका दुपारी ती सात पायांवर तोल सावरत वाटीपर्यंत गेली आणि पाण्यावर तोंड टेकवून बसली.

"बाबा, बिल मी भरते," निशिगंधा फोनवर म्हणाली.

"नक्को. तोडला मी."

हमाली सोडून बिल्ला परत करताना हमालांच्या संघाकडून मिळालेले पैसे भामानं गुडघ्याच्या इलाजासाठी बाजूला ठेवले होते. त्यातूनच त्यानं मखमलच्या जखमेचं औषध आणि दवाखान्यातल्या उबेचं भाडं भरलं.