थांबवायची नोकरी

वैशाखऱ्याहून निघाले तेव्हा अर्धं गाव बाबांच्या जीपभोवती जमलं होतं. परदेशात प्रोटॉनच्या यंत्रावर नोकरी, एवढंच सगळ्यांना कळलं होतं. आत्याने खिडकीतून डोकं आत घातलं. "काम काय गो तुझं?"

"पळणारे प्रोटॉन थांबवायचे."

"त्याच्यासाठी इमानानं चाललीस? आदी आपल्या फाट्यावर एसटी थांबवून दाखव. हात केला तरी थांबत नाय मेली!"

सगळे हसले. आय तेवढी हसली नाही. ती माझ्या बॅगेत नाचणीचं पीठ कोंबत होती. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि मी इतकी रुबाबात होते, की विमानतळावरच्या साहेबालाही प्रोटॉन समजावून सांगितला. त्याने फक्त पासपोर्ट मागितला होता.

आपल्या मुरबाड तालुक्यातच राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं गाव सोडून पुण्या-दुबईला पांगलेल्यांनो, माझं काम तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. जमिनीखाली एक भलीमोठी गोल नळी आहे. तिच्यात प्रोटॉनांचा झोत जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरतो. काही बिघडलं की तो बाहेर काढून ग्राफाइटच्या लांबलचक ठोकळ्यात सोडायचा. तिथे अणूंना धडका देत देत त्याचा जोर संपतो. पण सगळा झोत एकाच जागी आपटला तर ठोकळाच फुटेल. म्हणून चुंबकाने तो आधी पसरवायचा.

बाबा माळशेजला जीप न्यायचे. घाट ज्या गिअरात चढलो त्याच गिअरात उतरायचा, हा त्यांचा नियम. ब्रेकचा जरा वास आला की गाडी कडेला. मागून वऱ्हाडी ओरडायचे, "ड्रायव्हर, याच्यापेक्षा बैलगाडी बरी!" बाबा विडी पेटवून चाकं गार व्हायची वाट बघायचे. त्यांना कुणी शूर म्हटलं नाही. आमच्या घराण्याला ती सवयच नाही.

इकडे येऊन काही वर्षं झाली होती. एका दुपारी माझ्या पडद्यावर त्या पसरवणाऱ्या चुंबकाचा आकडा थरथरला. तो पुरता बंद पडला असता, तर झोत धड थांबवताही आला नसता. म्हणून तो चालतोय तोवरच मी बटण दाबलं. झोत गेला. त्याच्यासाठी कधीपासून ताटकळलेल्या संशोधकांचा प्रयोगही गेला. चुंबक खोलून तपासला, काहीही सापडलं नाही. मॅनेजर म्हणाले, घाबरून दाबलं, चूक झाली, एवढं लिहून दे. नाहीतर तुझा करार वाढवणं अवघड आहे.

घरी फोन केला. खरं तर रडायलाच केला होता, पण आयने आधी थंडीची चौकशी काढली आणि रडायचं राहूनच गेलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"मानसं टाइमवर पोचवायची असतात, नाय असं नाय," ते म्हणाले. "पन ब्रेक लागतोय तवरच थांबायचं असतं गो. काढलं तर ये घरी. नाय काढलं तरी ये."

दुसऱ्या दिवशी मॅनेजरसमोर उभी राहिले. म्हटलं, "घाबरले होते हे खरं. चुकले नव्हते. आकडा पुन्हा थरथरला, तर पुन्हा दाबेन." हे बाणेदार वगैरे वाटत असेल, पण आवाज कोंबडीसारखा निघाला होता. लिहून मात्र दिलं नाही. करार वाढला, तोही कुरकुरत, निम्म्याच मुदतीचा. पुढे त्यांनाच माझी सवय झाली. अजून इथेच आहे, अजून थांबवते.

तुम्ही विचारता, आता तिकडचीच झालीस ना? नाय झाले. बाबा गेले, जीप भंगारात गेली, आपल्या माळाशेजारी कुणाकुणाची फार्महाऊसं उठली. मी येते तीही पाहुणीसारखी, आणि आय मला पाहुण्यांच्या कपात चहा देते. देऊ दे. इकडे कामावर मला कुणी काही लिहून द्यायला लावू शकत नाही, कारण उद्या काढलं तर कुठे जायचं ते मला ठाऊक आहे. राहते मी इकडे. पण 'नाही' म्हणते ती वैशाखऱ्याच्या जिवावर.